हेर हान आणि आरतीची लांब ओळ

जिना झाडायची पाळी ज्याची, त्याच्या दाराला केरवोखेची, म्हणजे झाडायच्या आठवड्याची, पाटी लटकते, हा जर्मनीतल्या आमच्या झिंडेलफिंगेनचा रिवाज. त्या सोमवारी ती आमच्या दाराला दिसली आणि मी वैतागलो, कारण पाळी समोरच्या हेर, म्हणजे श्रीयुत, हान यांची होती. बेल वाजवली तर दार त्यांच्या थोरल्या बहिणीने उघडलं. "तो शनिवारी गेला," त्या म्हणाल्या. "पाटी मीच लावली... दुसरं काय करावं सुचेना." मी जिना झाडायला घेतला.

बहीण तरुणपणी कोरियातून इथे नर्स म्हणून आलेली. हेर हान उतारवयात तिच्याकडे राहायला आले. काय करत होतात, विचारलं की "म्युझिकमध्ये होतो" एवढंच सांगायचे. मी गाड्यांच्या दारांचं रबर तपासणारा माणूस, मला वाटलं वाद्यांचं दुकान असेल. ते गेल्यावर माझ्या मुलीने, मुक्ताने, फोनवर शोधलं. विशीत स्टेडियम भरवणारा गायक, मग दुसऱ्यांसाठी चाली बांधणारा संगीतकार, मग पोरापोरींचे गट घडवणारा मोठा प्रोड्यूसर. सोलमध्ये लोक फुलं घेऊन रांगेत उभे होते, रडत होते. ते कोणासाठी रडत होते आणि आम्ही कोणासाठी, हा गोंधळ काही आठवडे झाले तरी मिटलेला नाही.

आमच्याकडे ते दरवर्षी गणपतीला यायचे. आमच्या आरतीत प्रत्येकाची पट्टी वेगळी, झांजा तिसरीकडेच. एकदा मी ओशाळून म्हटलं, "हेर हान, सहन करा आम्हाला." ते म्हणाले, "मी जन्मभर मुलांच्या चुका काढल्या. इथे कोणीच काढत नाही." विठोबाच्या आरतीत दम संपेपर्यंत ताणायची ती ओळ येते ना... तिथे मुक्ताची आणि त्यांची स्पर्धा लागायची. दरवर्षी मुक्ता जिंकायची. ते छातीवर हात ठेवून धापा टाकायचे आणि ही वर्षभर शाळेत सांगत फिरायची.

आणि आता मुक्ताला फोनवर सापडलेल्या जुन्या व्हिडिओत ते एक सूर धरून उभे. वादक थांबले, लोक ओरडून दमले, सूर आपला चालूच. मुक्ताने फोन पालथा ठेवला. "बाबा, हाट एर मिश गेविनन लासन?" त्यांनी मला जिंकू दिलं का?

मी त्यांच्या बहिणीला विचारलं. "आवाज गेला म्हणून तर तो इकडे आला," त्या म्हणाल्या. मग, "आल्झो, म्हणजे, बाथरूममध्ये मात्र छान गायचा... मला खरंच माहीत नाही." मी मुक्ताला दोन्ही सांगितलं. ती दोन्हीवर चिडली. दम नसेल, तर ती एका आजारी माणसाला हरवत होती. असेल, तर ती कधी जिंकलीच नव्हती. मलाही ते परत हवे आहेत, पण नेमके कोणते, स्टेडियमवाले की समोरच्या दारातले?

परवा पाटी फिरून पुन्हा आमच्याकडे आली. मुक्ता न सांगता झाडू घेऊन बाहेर आली, याचंच मला नवल. त्यांच्या बंद दाराशी थांबून तिने ती ओळ लावली, मोठ्याने, आमच्या घरच्या बेसूर पद्धतीने. जिना भरून गेला. मग मध्येच तिने ती सोडली.

"संपला दम?" मी विचारलं.

"नाइन, नाही संपला," ती म्हणाली, आणि त्यांच्या दारापुढची पायरी झाडू लागली.