वैशालीच्या माईकची पट्टी

हे मी बायको सोडून कुणालाही सांगितलेलं नाही, आणि तिलाही फार उशिरा. सुरुवात एका फजितीपासून करतो, कारण तेवढीच मला हसत सांगता येते. २०१२ साल, न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थमधला आमच्या मंडळाचा गणपती. साउंडला मी. अध्यक्षांचं भाषण लांबलं आणि समोरचा माईक चालू आहे हे विसरून मी पुटपुटलो, "आता बाप्पालाच विसर्जनाची घाई झाली असेल." हॉलभर ऐकू गेलं. अध्यक्ष अजून मला प्रसाद हात आखडूनच देतात.

एक अक्षरही न कळता त्या हशात सर्वांत मोठ्यानं हसला तो कोडी. अमेरिकेतल्या टेनेसीचा, इथल्या एका संशोधन संस्थेत गवताचा अभ्यास करणारा. नंतर माझा साउंड मिक्सर बघायला आला. त्याला दोन अमेरिकन मित्रांबरोबर रॉक बँड काढायचा होता. गिटार होत्या, ड्रम होते, जागा नव्हती. म्हटलं, आमचं गॅरेज घ्या. यजमानपणाची हौस दांडगी ना माझी!

वैशाली, माझी बायको, हॉस्पिटलात फार्मसिस्ट. लहानपणापासून पुण्यात गाणं शिकलेली. एका शनिवारी चहा द्यायला गॅरेजमध्ये गेली आणि गाण्यातल्या मोकळ्या जागेत तिनं सहज एक आलाप घेतला. ड्रमवाला वाजवायचाच थांबला. बँड खरा सुरू झाला तो तिथून. आधी गावातले पब, मग वेलिंग्टन. तिचा आलाप सुरू झाला की लोक हातातले ग्लास खाली ठेवायचे. मला सगळे 'वैशालीचा नवरा' म्हणू लागले. मी सांगायचो, पद मानद आहे, पगार नाही. लोक हसायचे, मीही — पण मग ते खुपत का होतं? गॅरेजमध्ये ती जशी हसायची तशी घरात हसत नव्हती, म्हणून?

मग वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआचा कार्यक्रम आला; साउंडला नेहमीप्रमाणे मीच. कोडीच्या ओळखीचा, रेकॉर्ड काढणारा एक माणूस अमेरिकेहून ऐकायला येणार होता. आवडलं तर चौघांनाही तिकडे बोलावणार होता. चौघांना — म्हणजे तिलाही.

आता सांगतोच. तिच्या माईकची पट्टी, म्हणजे मिक्सरवरचं आवाज कमी-जास्त करायचं सरकतं बटण, मी खाली ओढली. पूर्ण बंद नाही केली, तेवढं धाडस कुठलं? गिटारखाली दबेल इतकीच. आणि — हे त्याहून वाईट — गाणाऱ्याच्या पायाशी वेगळा स्पीकर असतो, त्यातून त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. तिचा तो स्पीकर मी भरपूर मोठा ठेवला. तिला कळू नये म्हणून. डोळे मिटून ती जीव ओतून गात होती आणि समोर बसलेल्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. चुकून झालं म्हणू? एक बटण चुकून सरकतं. दोन नाही.

पाहुणा म्हणाला, पोरं चांगली आहेत, बाईंचा आवाज पोचत नाही. तिघे अमेरिकेला गेले.

परतताना गाडीत तिनं विचारलं, "खरंच पोचत नव्हता?"

मी म्हणालो, "तुझा आवाज मुळातच नाजूक आहे गं."

पट्टी ओढण्यापेक्षा हे वाक्य सोपं गेलं मला. तिनं रियाज सोडला. मंडळात दिवाळीला कुणी आग्रह केला, तर म्हणायची, माझा आवाज हॉलचा नाही. मी शेजारी बसून चिवडा खात असायचो.

बँड तिकडे मोठा झाला. २०१८ मध्ये ऑकलंडला एका दुकानात जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, घेत होतो, तेव्हा वरच्या स्पीकरवर त्यांचं गाणं लागलं. आलापाच्या जागी गिटार होती. सूर हुबेहूब तिचे. आमची मुलगी बरोबर गुणगुणत होती. तिला ते पाठ होतं, कुणाचं ते माहीत नव्हतं. वैशाली एक जँडल हातात धरून गाणं संपेपर्यंत उभी राहिली.

घरी आल्यावर मी तिला सांगितलं. पायाशी असलेल्या स्पीकरसकट, गाडीतल्या वाक्यासकट.

"मी जाणार नव्हतेच रे," ती म्हणाली. "पोरीची शाळा, माझी नोकरी, कुठली जाते मी? त्यांनी एकदा विचारावं, एवढंच हवं होतं मला."