उतारावरचा गिअर आणि मामांचा कासरा

माझे सासरे महाळुंगे पडवळचे. शर्यतीच्या बैलांपायी त्यांनी अख्खा जन्म काढला, आणि मी, त्यांचा धाकटा जावई, मंचरच्या एका शेटजींची उतारू नेणारी सर्व्हिस मोटार चालवायचो. ह्याचा त्यांना इतका राग, की विचारू नका. माझ्या बापाच्या दावणीलाही बैल होते, मलाही ते हाकता यायचे. ते सोडून मी पत्र्याच्या डब्यात जाऊन बसलो, हा त्यांच्या लेखी गुन्हाच होता. जत्रेत शर्यतीच्या घाटावर बैल जुंपायची वेळ झाली, की पुढे कासरा धरायला घरचा माणूस लागतो. थोरल्या जावयाला हाक जायची, शेजाऱ्याला जायची, मला कधीच नाही.

"तुमी सावलीला बसा, पावणं," मामा म्हणायचे. "तुमच्या हाताला तेलाचा वास. बैल बुजत्यात."

आणि हे चार माणसांत, बरं का! मी वरवर हसायचो आणि आतून नुसता जळायचो. एकदा तरी तो कासरा माझ्या हातात यावा, एवढीच माझी हौस होती. पण त्यासाठी मोटार सोडायची? छे! तेवढं सोडून बोला.

मोटारीवर माझा भारी जीव. पेठ गावाहून मंचर, मंचरहून जुन्नर, रस्ता सगळा खडीचा आणि धुळीचा. माझ्या आधीच्या ड्रायव्हरने अवसरीच्या उतारावर इंजिनाचं वाटोळं केलं होतं. शेटजींनी ते पुण्याहून नवं करून आणलं आणि मला बजावलं, "पुन्हा फुटलं तर मोटार विकीन. मला आपलं कापडाचं दुकान बरं." मोठ्या लढाईत लॉऱ्या चालवून आलेल्या एका मिस्त्रीने मला हे काम शिकवलं. तो म्हणायचा, उताराला गाडी भरधाव असताना खालचा गिअर टाकलास, तर चाकंच इंजिनाला फरफटत नेतील आणि ते किंचाळेल. म्हणून आधी ब्रेकने गाडी हळू कर. क्लच दाबून गिअर मोकळा कर, क्लच सोड, पायाने इंजिनाला जरासा पेट्रोलचा घास दे, पुन्हा क्लच दाब, आणि मग खालचा गिअर घाल. लोण्यात बोट जावं तसा जातो. चुकलास तर सगळा रस्ता शिव्या देत सुटेल.

एकदा मामा बैल बघायला पेठेला गेले. सौदा काही जमला नाही आणि वर पाय मुरगळला. आता मंचरपर्यंत यायचं कसं? आली का पंचाईत! तोंड वाकडं करून माझ्या शेजारी येऊन बसले, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या.

निघालो न निघालो तोच मागून दुसरी सर्व्हिस मोटार भोंगा वाजवत आली. मंचरला जुन्नरचे उतारू थांबलेले असायचे. जी मोटार आधी पोचेल, तिची चांदी. त्या गड्याने माझ्या नाकासमोरून गाडी काढली आणि वर हात हलवून दाखवला. झालं! मामांच्या अंगात शर्यत संचारली.

"हाणा की राव! बघताय काय? त्यो गेला न्हवं का!"

मागचे उतारूही ओरडायला लागले. काठी पत्र्यावर आपटत होती. खरं सांगतो, माझाही पाय शिवशिवला. शर्यतीत पुढे घोडी पळताना दिसली की मागच्या बैलांना दम धरवत नाही, आणि मी पडलो त्याच दावणीचा. पण समोर अवसरीचा उतार आला. मी ब्रेक दाबला. गाडी हळू झाली, गिअर मोकळा केला, इंजिनाला घास दिला आणि खालच्या गिअरात घातली. गुरगुरत, दमादमाने आम्ही उतरायला लागलो.

"थू!" मामा म्हणाले. "सासऱ्याची लाज घालवली. ह्यापरीस पायी गेलो असतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. जीभ शिवशिवत होती, पण दात आवळून मी हात चाकावर ठेवले. तेवढ्यात खालच्या वळणावरून आवाज आला. त्या गड्याने भर वेगात खालचा गिअर ओढला असणार. असं केकाटलं ते इंजिन, की झाडावरचे कावळे उडाले. मोटार तशीच पुढे गेली, थांबली नाही. पण मामांची काठी जागच्या जागी थांबली.

ते हळूच म्हणाले, "त्याचं जनावर वरडलं. आपलं का न्हाई वरडलं?"

"मामा, भरली गाडी उताराला लागली, की बैलाच्या अंगावर येते ना?"

"येती की. बैलाला पाय आवरत न्हाईत. उतार लागायच्या आधीच धरायचं असतं." आणि त्यांनी काठी पुन्हा गुडघ्यांत धरली.

मंचरला पोचलो तर जुन्नरचे सगळे उतारू त्या दुसऱ्या मोटारीत बसून चाललेसुद्धा होते. माझी मोटार रिकामी. मला वाटलं, आता मामा सगळ्या बाजारपेठेत माझी शोभा करणार. ते लंगडत उतरले, पुढे गेले, आणि शर्यतीनंतर बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा तापलेल्या बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला तसा झटकन काढला.

"लई तापलंय," म्हणाले. "पाणी दावा आदी त्याला. मग चहा घेऊ."

मी डबा घेऊन पाण्याला पळालो.

पुढच्या जत्रेला मी नेहमीसारखा सावलीला बसलो. कोण पुसतंय आपल्याला! खाली बैल जुंपायला आणले होते, पाय आपटत होते, फुरफुरत होते. थोरले जावई बाह्या सरसावून पुढे झाले. मामांनी त्यांना हाताने अडवलं आणि भरल्या घाटात माझ्याकडे बघून ओरडले,

"पावणं! सावलीत काय बसलाय? या हिकडं, धरा!"

मी पळतच गेलो. हात धोतराला पुसायला लागलो, तर त्यांनी तसाच कासरा माझ्या मुठीत कोंबला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "तेलाचा वास असू द्या."