रांगेतला पहिला कागद

लातूरच्या डाळ मिलात तीस वर्षं काढून चंद्रप्पांचे कान गेले. मिल सुटली, तिची घरघर तेवढी डोक्यात राहिली. तेव्हापासून बायको महादेवी त्यांच्याशी कागदावर बोलायची. तिचं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळं "जेवून घ्या", "गोळी घेतली का?" सगळं ठळक अक्षरांत प्रिंटरमधून यायचं. गल्ली हसायची. हसेना का! चंद्रप्पा ते कागद घडी घालून खिशात ठेवायचे.

अठरा दिवसांपूर्वी महादेवी लेकीच्या, सुकन्याच्या बाळंतपणाला उदगीरला गेली. एका अक्षरानं सांगितलं नाही, असं आपलं यांना वाटलं. बसले रुसून! नात झाल्याचं शेजारणीनं लिहून दाखवलं, तरी गडी हलला नाही. त्यात ती गेली त्याच सकाळपासून दुकानातला प्रिंटरही मुका. निसटलेली वायर यांनी नीट बसवली, कागद काही येईना. मग प्रिंटचं बटण दाब, पुन्हा दाब, रोज तेच.

शेवटी शेजारच्या कॉम्प्युटर क्लासचा रुद्रेश आला. त्यानं वहीवर लिहिलं, "मामा, ह्या कॉम्प्युटरात लिनक्स नावाची सिस्टिम हाय. पान थेट प्रिंटरकडं जात न्हाई, आधी रांगेत बसतं. नंबर आला की त्याचे बारीक ठिपके होतात आन् वायरीतून जातात. वायर निसटली तवा यानं प्रिंटर थांबवला. आता 'चालू' म्हणल्याबिगर तो हलायचा न्हाई. पण रांगेतलं पान हरवत न्हाई."

चंद्रप्पांनी दोनदा वाचलं आणि डोळे मिटले. एसटी स्टँडावर गाठोडी मांडीवर घेऊन माणसं बसावीत, तशी पानं त्यांना अंधारात बसलेली दिसली. कुणाची तक्रार नाही, घाई नाही. केवढा तो धीर! डोक्यातली घरघरही जरा मऊ झाली.

रुद्रेशनं पडद्यावर रांग उघडली. चाळीस कामं. सगळ्यात पुढचं अठरा दिवसांपूर्वीचं, पहाटे पाचचं. चंद्रप्पांनी 'चालू' दाबलं.

कागद सरकत आला. "अहो, गाढ झोपला होतात, उठवलं नाही. बाळाचं नाव तुम्हीच ठेवायचं. तुम्ही येईपर्यंत मी पाळण्यात घालू देणार नाही. वाट बघते."

प्रिंट देऊन घाईत निघताना तिच्याच पिशवीनं वायर ओढली असणार. अरे देवा, अठरा दिवस! चंद्रप्पांना रडू आवरेना. मागून त्यांनीच पाठवलेली पानं धडाधड जमिनीवर पडत होती. उचलायला थांबतंय कोण? चप्पल सरकवून ते स्टँडावर पोचले आणि कंडक्टरला एवढ्या मोठ्यानं म्हणाले की सगळं स्टँड वळून बघायला लागलं,

"उदगीर द्या! नातीला अजून नाव न्हाई!"