शिवणीच्या आतलं कापड

पर्समध्ये ऑफिसनं दिलेले दोन कागद होते. पहिला, दोन महिन्यांत काम सुधारून दाखवण्याचा आराखडा, आणि दुसरा, चार महिन्यांचा पगार घेऊन राजीनामा देण्याचा. सोमवारपर्यंत एकावर सही करायची होती. मी मात्र घट्ट झालेला ब्लाऊज ढिला करून घ्यायला शिंपीकाकांकडे आले होते.

काकांनी ब्लाऊज उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. पुढची बाजू त्यांनी पाहिलीसुद्धा नाही.

"ताई, आत कापडच सोडलेलं नाही. उसवून काय करू?"

"थोडा प्रयत्न करून बघा ना."

"प्रयत्नानं कापड येत नाही," असं म्हणून त्यांनी ब्लाऊज नीट घडी घालून परत दिला.

चांगला शिंपी शिवतानाच धरून चालतो की माणूस आहे तेवढाच राहणार नाही. म्हणून तो बोटभर कापड आत राखून ठेवतो. बाहेरून ते कुणाला दिसत नाही. आठवडाभर मी स्वतःला एकच विचारत होते, मला जमेल का? समोरच्यानं काही राखून ठेवलंय का, हे पाहायचं सुचलंच नव्हतं.

तिथल्याच स्टुलावर बसून मी आराखडा पुन्हा वाचला. माझ्याकडून काय हवं, यातच दीड पान भरलं होतं. शेवटी 'कंपनीकडून मिळणारी मदत' असा एक रकाना होता. त्यात आडवी रेघ मारलेली होती.

"काका, पेन आहे?" मी विचारलं आणि दुसरा कागद मांडीवर घेतला.