स्कॉलरशिपची यादी आणि आमचे शेळके गुरुजी

रिटायर झालेल्या शिक्षकांच्या घरी दोन गोष्टी साठत जातात, सत्कारातल्या शाली आणि किस्से. शाली लग्नाकार्यात देऊन संपवता येतात. किस्से मात्र कितीही वाटले तरी आपल्याकडं राहतातच, उलट ऐकणारा जाताना स्वतःचा एखादा ठेवून जातो. माझ्याकडं सगळ्यात मोठा साठा आहे तो स्कॉलरशिपच्या परीक्षेचा. चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा, पण शिष्यवृत्ती हा शब्द सरकारी कागदावरच. बोलताना आम्ही सगळे स्कॉलरशिपच म्हणायचो.

नव्वदच्या आगेमागे माझी पहिली नेमणूक आष्टीजवळच्या एका वाडीवर झाली. जिल्हा परिषदेची शाळा, खोल्या दोन, वर्ग चार आणि शिक्षकही दोनच. एक मी, जालन्यातल्या ऑफिसवाल्या घरातली, ज्वारी आणि मक्याच्या पानांतला फरक न कळणारी. दुसरे हेडमास्तर शेळके गुरुजी, मूळचे केदारखेड्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. धोतर सुटलं होतं, टोपी सुटली नव्हती.

गुरुजींच्या आख्ख्या नोकरीत त्यांचा एकही विद्यार्थी स्कॉलरशिपच्या यादीत आला नव्हता. रिटायरमेंट जवळ आली होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगून टाकलं, "बाई, मला दुसरं काही नको. जायच्या आत आपल्या शाळेचं एक नाव यादीत पाह्यजे. एकच. दोन मागून न्हाई राह्यलो मी."

मी म्हटलं, येईल की. मला काय माहीत ते किती अवघड असतं.

*

रिझल्ट लागला की तालुक्याला मीटिंग व्हायची. शिक्षण खात्याचे साहेब कागद हातात घेऊन मोठ्या आवाजात वाचायचे. अमुक शाळा, इतके विद्यार्थी यादीत. टाळ्या. तमुक शाळा, इतके विद्यार्थी. टाळ्या. शेवटी साहेब कागद खाली ठेवायचे आणि चष्मा काढता काढता म्हणायचे, "आणि इतर शाळांनी प्रयत्न वाढवावेत."

माझ्या पहिल्या वर्षी मीटिंगच्या दिवशी मला ताप होता म्हणून गुरुजी एकटेच गेले. दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले तर ते फळा पुसत होते.

"गुरुजी, काय झालं मीटिंगमध्ये?"

"आपलं बी वाचलं की साहेबांनी."

मला खरंच आनंद झाला. "काय वाचलं?"

"इतर," गुरुजी म्हणाले आणि खडू शोधायला लागले.

*

आमच्या मुलांना पेपरपेक्षा बसण्याचीच जास्त अडचण होती. शाळेत बाकं नव्हती, सगळे तरटाच्या पट्टीवर मांडीला मांडी लावून बसायचे. सराव परीक्षेला मी त्यांना लांब लांब बसवलं. एकाला इकडच्या भिंतीशी, एकाला तिकडच्या. पेपर वाटायच्या आधीच एक मुलगा रडायला लागला. विचारलं तर बोलेना. मग त्याच्या दोस्तानंच लांबून विचारलं, "बाई, आमचं भांडण झालंय का?"

मी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी म्हणाले, "लांब बसवणं ही आपल्याकडं शिक्षा हाये, बाई. ह्यांनी अजून काहीच केलं न्हाई."

मग ठरलं, केंद्र आष्टीच्या हायस्कुलात असतं, तर तिथल्या बाकांची सवय करून घ्यावी. एका रविवारी गुरुजी चौथीचा सगळा वर्ग घेऊन हायस्कुलाच्या फाटकाशी गेले. शिपाई बाहेर आला.

"काय काम हाये, गुरुजी?"

"काम न्हाई. बसायचंय."

शिपायानं मुलांकडं पाहिलं, गुरुजींकडं पाहिलं आणि एक वर्ग उघडून दिला. मुलं दुपारपर्यंत बाकांवर बसली. नुसती बसली. काहींचे पाय जमिनीला टेकत नव्हते, ते हलवत बसली. निघायची वेळ झाली तर कोणी उठेना. परतताना गुरुजी खूश होते. "बसणं तर पक्कं झालं, बाई. आता फक्त लिहिणं राह्यलं."

*

पण त्या वर्षी लिहिणंच राहिलं, आणि तेही गुरुजींच्या खोकल्यामुळं.

गुरुजींना बिडीची सवय होती. सराव पेपर वाटून झाला की ते दाराशी उभे राहायचे, घसा साफ करायला एकदा खोकायचे आणि मुलं लिहायला सुरुवात करायची. 'सुरू करा' वगैरे म्हणायची कधी गरजच पडली नाही. त्यामुळं मुलांनी मनाशी पक्कं धरलं होतं की परीक्षा खोकल्यावर सुरू होते.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं हायस्कुलाच्या तारेच्या कुंपणाबाहेर उभे होतो. आत घंटा झाली. परक्या शाळेचे सर म्हणाले, "चला, सुरू करा." बाकीच्यांच्या पेन्सिली चालू झाल्या. आमची मुलं हाताची घडी घालून दाराकडं बघत बसलेली. सर म्हणाले, "अरे, लिहा ना." आमची मुलं ढिम्म. लांबून आम्हाला दिसत होतं, पण काय चाललंय ते कळत नव्हतं.

"बाई, ही पोरं काऊन बसून राह्यलीत?" गुरुजी म्हणाले आणि काळजीनं त्यांनी खिशातली बिडी काढून पेटवली. दोन झुरके घेतले नाहीत तोच ठसका लागला. वर्गातली आमची सगळी डोकी एकदम पेपरात वाकली.

त्या वर्षी आम्ही पुन्हा इतरांत. साहेबांनी मीटिंगमध्ये गुरुजींना कारण विचारलं. गुरुजींनी सांगितलं, "खोकला." साहेब म्हणाले, "सगळ्या मुलांना?"

गुरुजींनी त्या दिवसापासून बिडी सोडली. घरच्यांनी इतकी वर्षं सांगून सुटली नव्हती.

*

मग गुरुजींचं शेवटचं वर्ष आलं आणि त्याच वर्षी चौथीत सुमन होती.

सुमनचे वडील भगवानराव वाडीतलेच, कापूस-ज्वारी करणारे. मुलगी सावळी, किरकोळ, केसांना तेल चोपडलेली आणि एकदा धरलं की न सोडणारी. गणिताच्या सरावात एक उदाहरण आलं. पाच बाया एका शेतातला कापूस चार दिवसांत वेचतात, तर दहा बाया किती दिवसांत वेचतील? खाली चार पर्याय, शेवटचा 'यापैकी नाही'. सुमननं तो निवडला.

मी म्हटलं, "अगं, दोन दिवस ना? तुला येत होतं की हे."

"दोनच येतं, बाई. पण दहा बाया भेटतीलच कशा? वेचणीच्या टायमाला आमाला तिघी भेटना झाल्यात."

मी तिला समजावलं की पेपरातल्या बाया वेगळ्या असतात, त्या बोलावलं की येतात. तिनं नाइलाजानं दोनवर खूण केली. गुरुजी दारातून ऐकत होते. संध्याकाळी कुलूप लावताना म्हणाले, "बाई, ही येती यादीत. बिलकुल येती." इतक्या ठामपणे बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांची काळजीच वाटली.

*

परीक्षा फेब्रुवारीत, रविवारी. आणि त्याच रविवारी सुमनच्या चुलत्याचं लग्न वाटूरला.

गुरुजी भगवानरावांच्या घरी गेले, मीही मागोमाग गेले. भगवानराव म्हणाले, "गुरुजी, परीक्षा आठ दिवस पुढं ढकला ना. वरी सांगा. तुमची नोकरी झाली एवढी, तुमचा शब्द कोण मोडील?"

"परीक्षा आख्ख्या महाराष्ट्राची असती, भगवानराव. तुम्ही लग्न पुढं ढकला."

"लग्न बी दोन गावांचं हाये, गुरुजी."

चहा झाला. शेवटी सुमनची आई आतून म्हणाली, "टेम्पो आष्टीवरूनच जाणार हाये की. पोरीला तिथं उतरवू. मंग गुरुजी घेऊन येतील वाटूरला."

तसंच झालं. परीक्षेच्या दिवशी वऱ्हाडाचा टेम्पो हायस्कुलाच्या फाटकाशी येऊन थांबला. आत बाया, पोरं, दोन हलग्या आणि मधोमध नव्या फ्रॉकातली सुमन, गालांना आदल्या दिवशीची हळद, हातात पट्टी आणि पेन्सिल. हलगीवाल्यांना वाटलं की लग्नाचं ठिकाण आलं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. सगळं केंद्र खिडक्यांना लागलं. शिपाई धावत आला, "लग्न कोणाचं हाये?"

"लग्न वाटूरला हाये," गुरुजी म्हणाले. "हितं पेपर."

टेम्पो निघाला तरी भगवानराव मागच्या फळीवरून शिपायाला ओरडून सांगत होते, "जल्दी सोडा बरं तिला, शेवटच्या पंगतीला तरी पोचू द्या."

*

शेवटचा पेपर गणिताचा होता. गुरुजी आणि मी बाहेर चहाच्या टपरीवर बसलो होतो. पेपर संपायला थोडा वेळ होता, तेवढ्यात शिपाई आला. "शेळके गुरुजी कोण? आत बोलावलंय."

गुरुजींनी कप अर्धाच खाली ठेवला. आम्ही आत गेलो. केंद्रप्रमुखांच्या टेबलासमोर सुमन हात मागं बांधून उभी होती आणि बाजूला तिच्या वर्गावरचे सर.

सरांनी सांगितलं ते असं. या मुलीचा पेपर सगळ्यांच्या आधी झाला. तिनं पेपर पालथा घातला, पट्टी त्याच्यावर ठेवली, जागची उठली आणि दोन बाकं सोडून बसलेल्या एका परक्या मुलाशेजारी जाऊन बसली. त्याचा पेपर आपल्याकडं ओढला आणि त्याला सांगायला लागली. भर परीक्षेत. लपूनछपून नाही, वर्गात सांगतात तशा आवाजात.

"उत्तर सांगितलंस त्याला?" केंद्रप्रमुखांनी विचारलं.

"न्हाई. कसं करायचं ते सांगत व्हते."

"पण का?"

सुमनला प्रश्नच कळला नाही. "माझं झाल्तं," ती म्हणाली. "आपलं झालं की ज्याचं अडलंय त्याच्यापाशी जाऊन बसावं लागतं."

दोन शिक्षकांत चार वर्ग आम्ही असेच चालवायचो. दुसरा इलाजच नव्हता. ज्याचं गणित आधी होईल त्यानं उठायचं आणि अडलेल्याजवळ जाऊन बसायचं, विचारायचंसुद्धा नाही. परीक्षेत तसं करायचं नसतं, हे मुलांना सांगायचं आम्हा दोघांच्याही डोक्यात कधी आलं नाही.

केंद्रप्रमुख वाईट माणूस नव्हता. त्यांनी सरांना वर्गावर परत पाठवलं आणि सुमनचा पेपर चाळला. मग गुरुजींना खुर्ची देत हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, पोरगी यादीत येण्यासारखी आहे. मला तिचं नुकसान करायचं नाही. तुम्ही एवढंच म्हणा की हे तुम्ही शिकवलेलं नाही, तिनं तिच्या मनानं केलं. लहान आहे, मी समज देतो आणि विषय संपवतो. शाळेतच असं वळण लावलंय म्हणालात, तर मला हा पेपर बाजूला काढावा लागेल."

मी मनातल्या मनात म्हटलं, म्हणा गुरुजी. एक वाक्य आहे. म्हणून टाका.

गुरुजींनी सुमनकडं पाहिलं. सुमन त्यांच्याकडंच बघत होती, पाढा म्हणताना कुठं चुकलं की बघायची तशी. गुरुजी खुर्चीत बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली.

"मीच शिकवलं, साहेब," ते म्हणाले. "तिनं बराबर केलं."

पेपर बाजूला निघाला.

मला गुरुजींचा खूप राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. मी दोन्ही दाबून सुमनचा हात धरला. आम्ही तिघं स्टँडकडं निघालो. थोडं पुढं गेल्यावर सुमननं विचारलं, "गुरुजी, माझं काही चुकलं का?"

"न्हाई."

"मंग पेपर काऊन काढून घेतला?"

"त्यांची रीत येगळी हाये," गुरुजी म्हणाले. मग चालता चालता विचारलं, "कशात अडलं व्हतं त्याचं?"

"अपूर्णांकात. वरचा खालचा कोणता तेच त्याला कळना झालं व्हतं."

"समजलं का मंग?"

"अर्धंच सांगून झाल्तं. तेवढ्यात सरांनी उठवलं मला."

स्टँडवर वाटूरची गाडी लागलेलीच होती, कंडक्टरनं घंटी मारली. मी सुमनला वर चढवलं आणि पाठोपाठ चढले. गुरुजींनी एक पाय पायरीवर ठेवला होता, तो खाली घेतला.

"सुमे," ते म्हणाले, "कोण्या गावचा व्हता गं त्यो?"