इंगोले मॅडमची पोरं थांबत काऊन नाईत

आम्ही चार-पाच रिटायर पी.टी. मास्तर संध्याकाळी आर्वीच्या स्टँडसमोर चहाला बसतो. गुडघे सगळ्यांचेच गेलेले, त्यामुळे आता फक्त तोंडं पळतात. एकानं एक किस्सा काढला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि तिसरा मध्येच म्हणतो, "थांब बे, आधी माहा ऐक!" चहा गार होतो, पण कोणी उठत नाही.

परवा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. माझ्या नोकरीतले जेवढे म्हणून झकास किस्से आहेत, ते सगळे दुसऱ्याच शाळेचे आहेत! आष्टीच्या. नेमकं सांगायचं तर आष्टीच्या इंगोले मॅडमचे. बाईंनी शिल्डं नेली, कप नेले, ते ठीक. पण माणसाचे किस्से तरी त्याच्याकडं राहू द्यावेत की नाही?

*

मी आर्वीच्या शाळेचा पी.टी. मास्तर, बी.पी.एड. झालेला. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या टीममधून पळलेला. गळ्यात शिटी, अंगात निळा ट्रॅकसूट. "वानखडे सर आले" म्हटलं की अख्खं ग्राउंड चिडीचूप!

आणि इंगोले मॅडम? गणिताच्या. आष्टीच्या शाळेला खेळाचा मास्तर मिळेना, म्हणून हेडमास्तरांनी तो तास त्यांच्या गळ्यात टाकलेला. नव्वदीच्या सुरुवातीला वर्ध्याला जिल्ह्याची क्रॉस कंट्री होती, म्हणजे ग्राउंड सोडून पांधणीच्या बैलगाडीवाटेनं, शेताच्या कडेनं, चढउतारावरून पळायची लांब शर्यत. तिथं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. एसटीतून उतरल्या. साडी, पायात पांढरे कॅनव्हास शूज, काखेत काळी छत्री. मला हसूच आलं.

शर्यतीच्या आधी मी आमच्या पोरींसमोर मुठी आवळून ओरडत होतो, "मन घट्ट करा! आज हरायचं नाही!" शेजारी या बाई आपल्या पोरींना एकेक करून हळूच विचारत होत्या, "तुले कुठी रडू येते?"

एक पोरगी म्हणाली, "मॅडम, शेवटच्या चढावर. त्या बाभळीपाशी."

"मंग तिथी रडून घेजो. फक्त पायाले सांगून ठेव, आपण रडून राह्यलो, थांबून नाई राह्यलो."

याला कोचिंग म्हणतात? मी शेजारच्या मास्तरला कोपरानं ढोसलं.

शर्यत सुटली. आमची शीला बाभळीपर्यंत एक नंबरवर होती! मागून आष्टीच्या तिघी आल्या, भोकाड पसरून. नाकातोंडातून पाणी, पण स्पीड तोच! आमची शीला मनानं फार मऊ. ती थांबली, मागं वळली आणि म्हणाली, "काय झालं व? कोणी मारलं का?"

तिचं विचारून होईपर्यंत तिघी पुढं गेल्या.

बक्षीस घेताना तिघी खिदळत होत्या. मॅडम माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "सर, तुमची पोरगी मनानं लय चांगली हाय."

यापेक्षा त्यांनी मला छत्रीनं हाणलं असतं तर परवडलं असतं!

*

आता तुम्ही म्हणाल, चांगली गोष्ट दिसली तर उचलावी. उचलली ना! पुढच्याच आठवड्यात आमच्या पोरांना रांगेत उभं केलं आणि शक्य तेवढ्या गोड आवाजात विचारलं, "सांगा बाबांनो, कुणाला कुठं रडू येते?"

पोरं एकमेकांची तोंडं पाहू लागली. आमचे सर असं गोड कधी बोलत नाहीत, म्हणजे आज काहीतरी भयंकर आहे, असं त्यांना वाटलं असणार. शेवटी गजू नावाचं एक पोट्टं पुढं आलं. पळायला हरणासारखं, पण धाकानं अर्धं झालेलं.

"सर, खरं सांगू?"

"सांग ना, बेटा."

"मले तुमची शिटी ऐकली की रडू येते."

*

मग मी ठरवलं, आपली पद्धत ती आपली. थंडीत पहाटे पोरांना बोलवायचं, कमरेला जुनं टायर बांधून पळवायचं आणि पळून झालं की भाषण! "मन दगडासारखं करा. कोणी काहीही म्हणो, हलायचं नाही. समोरचा ओरडला तरी आपण शांत! आतून घट्ट!" दोन महिने हे चाललं. गजूमध्ये तर इतका फरक पडला की मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं. ओरडा, चिडवा, पोट्टं ढिम्म!

एक दिवस गजूची आई शाळेत आली. डोक्यावर पदर, डोळ्यांत आग.

"वानखडे सर तुम्हीच काय?"

"हो. गजूची प्रगती फार चांगली आहे, बाई."

"प्रगती? तुम्ही त्याले काय शिकवून राह्यले? पऱ्हाटीत कापूस वेचाले चल म्हटलं, बसूनच राह्यते. ढोरं सोड म्हटलं, बसूनच राह्यते. त्याच्या बापानं काठी घेतली, तर डोळे मिटून म्हणते, 'मी आतून घट्ट हाय'! थो घट्ट झाला सर, पण आमचं घर ढिल्लं झालं न!"

स्टाफरूममधले सगळे हसून हसून टेबलावर पडले. आणि हा किस्सा कोणी आष्टीला पोचवला, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

*

तिकडं आष्टीची पोरं वर्षामागून वर्षं जिंकतच होती. आमचे हेडमास्तर मला भेटले की ट्रॅकसूटकडं पाहायचे आणि म्हणायचे, "वानखडे, त्या बाई साडी नेसून पोरं पळवतात म्हणे. तुम्हीही एकदा नेसून पाहा!"

शेवटी मी ठरवलं, जाऊन पाहायचंच, बाई करतात तरी काय! आष्टीच्या बाजाराचा दिवस धरला. ग्राउंडला लागूनच बाजार भरायचा. मी एका कांदेवाल्याच्या ढिगाआड उभा राहिलो.

मॅडमनी छत्री उघडून ग्राउंडच्या टोकाला रोवली होती. छत्रीपाशी पोचलं की संपलं, असा नियम. पोरं पळत आली, जीव खाऊन, शेवटचा जोर लावून. आता पोचणार, तेवढ्यात मॅडमनी छत्री उपटली, मिटली, शाळेच्या चपराशाच्या लुनावर मागं बसल्या आणि भुर्रकन पुढं जाऊन पार नाल्यापाशी रोवली!

आमची पोरं असती तर तिथंच बसली असती. आणि ही? एक पोट्टं चक्क हसलं! "मॅडम, चला कुठी जाता त!" म्हणालं आणि पळत सुटलं. सगळी त्याच्यामागं.

हरल्यावर पोरं रडतात हे मी पाहिलं होतं. पण पुढं आणखी पळायचं आहे हे कळल्यावर हसणारं पोरगं माझ्या ग्राउंडवर मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात लुना माझ्यासमोर येऊन थांबली.

"वानखडे सर! आर्वीचे कांदे संपले काय?"

पाच किलो घ्यावे लागले. घरी आधीच पोतं भरून होतं.

*

त्या छत्रीनं पुढं काय केलं ते ऐका. त्या वर्षी जिल्ह्याची शर्यत वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या बाजूनं काढली होती. तेव्हा तिकडं घरांच्या प्लॉटांचे नवीन लेआउट पडत होते, रोज कुठं ना कुठं वास्तुशांती. रस्त्यावरच एकानं मांडव टाकला होता. दोन बांबू, वर रंगीत कापड, झेंडूच्या माळा आणि "सुस्वागतम्"चा बोर्ड.

आमचा गजू सगळ्यात पुढं. हो, तोच! आता मोठा झाला होता, दहावीत होता, आणि त्या दिवशी त्याला पकडणारं कोणी नव्हतं. त्यानं मांडव पाहिला, दोन्ही हात वर केले आणि आत शिरून आडवा पडला. मागची पाच-सहा पोरंही शिरली. घरमालक बिचारे भले. त्यांना वाटलं, पाहुण्यांची पोरं आली. "या, या, बसा. केवढे दमले!" म्हणून सरबत दिलं. गजू तर दुसरा ग्लास मागत होता!

आष्टीची दोन पोरं मागून आली. तीही मांडवात शिरली, उभ्या उभ्या सरबत प्यायली, ग्लास ठेवला, "थँक्यू काका" म्हटलं आणि निघाली. खरा शेवट पुढं शाळेच्या फाटकापाशी होता. पहिला आणि दुसरा नंबर, दोन्ही आष्टी!

मी त्या पोरांना गाठलं. "काय रे, तुम्हाला कसं कळलं तो शेवट नाही म्हणून?"

"काई कळलं नाई सर," त्यातलं एक म्हणालं, "मॅडमची छत्री दिसली नाई. मंग थांबाव काऊन?"

*

त्या रात्री जेवताना मी घरात हेच बोलत होतो. इंगोले मॅडमनी असं केलं, इंगोले मॅडम तसं म्हणाल्या, त्यांच्या पोरांचा आहार कसा, चाल कशी. बायको वाढता वाढता थांबली.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "दुसरी कोणती बाई असती, तर मी भांडली असती, माहेरी गेली असती. पण तुम्ही त्या बाईचं नाव घेता अन् दात-ओठ खाता. याच्यावर मी भांडू तरी कसं?"

*

आता शेवटचा. हा मी टपरीवर फारसा सांगत नाही.

माझी मुलगी प्रणिता आमच्याच शाळेत नववीला होती. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. पोरगी सरावाला अशी पळायची की मी घड्याळ झटकून पाहायचो. पण शर्यत आली की पहाटेपासून ओकाऱ्या. आणि शेवटच्या वळणावर पाय जड. मी प्रत्येक वळणावर सायकलनं पुढं जाऊन उभा राहायचो, ओरडायचो, हात हलवायचो. तरी पाचवी, नाहीतर सहावी.

त्या वर्षी वर्ध्याला जाताना आर्वी आणि आष्टी मिळून एकच एसटी ठरवली होती. शर्यतीच्या आधी प्रणिता कुठं दिसेना. शोधत शोधत बसच्या मागं गेलो. ती पायरीवर बसली होती आणि इंगोले मॅडम खाली उकिडव्या बसून तिच्या बुटाची नाडी बांधत होत्या.

माझ्या पोरीच्या बुटाची नाडी!

"प्रणिता, वॉर्मअप!" मी ओरडलो. ती उठून गेली. मॅडम गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सर, एक सांगू? राग येईल तुम्हाले."

"आलेलाच आहे. सांगा."

"तुमची पोट्टी पळताना रस्ता पाहत नाई. तुमचं तोंड पाह्यते. अन् ते पाहूनच थकते."

"मग मी काय करू?"

"आज बसमध्ये बसा."

"मी मास्तर आहे तिचा!"

"म्हून त सांगून राह्यली. बापाले सांगाची हिंमत नसती झाली माही."

मी तरातरा प्रणिताकडं गेलो. विचारलं, "तुला काय वाटतं?" मला वाटलं, पोरगी माझी बाजू घेईल. ती बुटाच्या टोकाकडं पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, बसा ना बसमध्ये."

बसलो. खिडकीतून शर्यत दिसत नव्हती, नुसत्या बकऱ्या दिसत होत्या. शिटी ऐकू आली. ती माझी नव्हती. थोड्या वेळानं बसमध्ये कोणीतरी चढलं. इंगोले मॅडम! पुढच्या सीटवर ग्राउंडकडं पाठ करून बसल्या.

"तुम्ही इथं? तुमची रेखा पळते आहे ना?"

"मी कधीच पाहत नाई, सर. शर्यत सुटली का कुठीतरी लपून बसतो. पाह्यलं का माहेच पाय पळाले लागतात."

त्यांनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. झाकण उघडेना. डबा उलटा धरलाय हेही त्यांच्या लक्षात नव्हतं, उघडलं तेव्हा अर्धे मुरमुरे साडीवर सांडले. जिची पोरं रडत रडत जिंकतात आणि सरबत पिऊनही थांबत नाहीत, ती ही बाई! त्यांनी डबा माझ्यापुढं केला. मी मान हलवली. आष्टीचा चिवडा मी खाणार? आम्ही दोघं बकऱ्या पाहत बसलो.

मग ग्राउंडवर गलका झाला. मी उठलो. मॅडम म्हणाल्या, "बसा." बसलो.

बसच्या दारात प्रणिता उभी राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंड लालभडक, श्वास पुरत नव्हता. तिच्यामागं आष्टीची रेखा, डोळे पुसत.

"बाबा," प्रणिता म्हणाली, "पहिली."

मॅडमनी रेखाकडं पाहिलं. रेखानं दोन बोटं दाखवली.

मॅडम उठल्या. आधी प्रणिताच्या पाठीवर हात फिरवला, मग रेखाला पोटाशी धरलं. "जा पोरींनो, पाणी प्या. दोघी मिळून जा." पोरी उतरल्या. मॅडम पुन्हा सीटवर बसल्या आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. झाकण हातातच होतं, लावता येत नव्हतं.

मी म्हणालो, "मॅडम..."

"वानखडे सर," त्या माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "थोडा वेळ माह्याशी बोलू नका. मी जळून राह्यली तुमच्यावर."

मी हात पुढं केला.

"चिवडा उरला असल त द्या न, मॅडम."