खाडीकाठचं बिनआवाजाचं गाणं

लढ्याची गाणी ऐकत हिंडणं हा माझा छंद. हे माहीत असल्यामुळे बोईसरला राहणाऱ्या सुनीतानं, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं, एक व्हिडिओ पाठवला. खाडीकाठी रांगेत उभ्या बायका, सगळ्यांची तोंडं हलतायत, आणि ऐकू येतोय नुसता वारा.

“आवाज आला नाही,” मी कळवलं.

“आवाज नाहीच. येऊन बघ.”

नाशिकहून गाडी काढली. त्र्यंबक, जव्हारमार्गे मनोर. रस्ता देखणा, पण वळणं सावकाश घ्या. मनोर नाक्यावर पोटभर खाऊन घेतलं. बोईसर जवळ आलं तसा घशात आंबट वास बसला, काचा चढवल्या तरी गेला नाही. रात्री सुनीताकडे तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील. तिचा नवरा तिथल्याच कारखान्यात. जेवताना तो एवढंच बोलला, “उद्या गाडी लांब उभी करा. नंबर लिहून घेतात.”

मंगळवारी सकाळी चिंचणीच्या वाटेवरच्या त्या खाडीवर पोचलो. पाण्यावर पिवळट फेस. बगळा एकही नाही. तोंडावर ओढणी घेऊन सुनीता रस्त्यावरच थांबली.

बायका आल्या, कारखान्याच्या मागच्या गेटसमोर उभ्या राहिल्या. एकदम श्वास घेतल्याचा आवाज आला, तेवढाच. मग तोंडं हलू लागली. हातातल्या बांगड्यासुद्धा वाजत नव्हत्या. माझ्या अंगावर काटा आला. पलीकडे पहारेकरी त्यांचं चित्रीकरण करत होता.

गाणं संपल्यावर त्यांच्यातल्या थोरल्या हिरूबाई जवळ आल्या. “खाडीत घान सोडली, मावरं मेलं, जाल्यात मासा येत नाय. आमी गेटवर गायलो. मंग कोर्टाची नोटीस आली, एकेकीचं नाव घालून. गानं नाय, घोषना नाय. तोंड हलवू नका, असं लिवलं नाय.”

मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, “तुजं नाव नाय त्यात.”

त्यांनी माझ्या कानात गाणं सांगितलं. दोनच ओळी.

*खाडी आमची, होडी आमची, मालक सांगा कोन?*
*हात बांदाल, पाय बांदाल, गानं बांदील कोन?*

मी रांगेत उभी राहिले. पहिला शब्द फाटला. दुसऱ्यांदा धरला, तेव्हा दोन्ही बाजूंची तोंडं त्याच शब्दावर उघडली, त्याच श्वासाला मिटली. शब्द त्यांच्या तोंडून निघत होते आणि माझ्या गळ्यातून बाहेर पडत होते. माझा आवाज पातळ आहे. त्या सकाळी तो तसा नव्हता. मला थांबायचं होतं आणि थांबता येत नव्हतं.

गेट उघडून दोन माणसं आली. “नाव काय तुमचं?”

मी नाव सांगितलं, पूर्ण.

परत आले तेव्हा सुनीता रस्त्यावरच उभी होती. ओढणी तोंडावरच होती, पण ओठांपाशी ती हलत होती.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस घसा बसला होता. काही आठवड्यांनी हिरूबाईंचा फोन आला. “नवी नोटीस आली गो. तुजं नाव हाय.” आणि त्या हसल्या. “आता तू पन आमच्यातली.”

मी अजूनही जाते. रांगेत उभी राहते, तोंड हलवते. आवाज न काढता गायलं की आतल्या आत किती जोरात ऐकू येतं म्हणून सांगू!

बायका मंगळवारी सकाळी तिथे असतात. गाणं कानात सांगतात. ज्याचं नाव अजून कुणी लिहून घेतलेलं नाही, असं एक माणूस त्यांना हवंय.